क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट

क्रॉफर्ड हॅलॉक ग्रीनवॉल्ट (जन्म : १६ ऑगस्ट १९०२, कमिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, मृत्यू : सप्टेंबर १९९३, विल्मिंग्टन, डेलावेअर) हे अमेरिकन रासायनिक अभियंता, उद्योगप्रमुख, छायाचित्रकार आणि पक्षिअभ्यासक होते. १९४८ ते १९६२ या काळात ते ड्युपॉन्ट या रसायन उद्योगातील बलाढ्य कंपनीचे अध्यक्ष होते. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बसाठी लागणाऱ्या प्लुटोनियमच्या निर्मितीत त्यांचा महत्त्वाचा सहभाग होता. पक्षिशास्त्रात त्यांचे नाव राहिले ते हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्यांच्या छायाचित्रांमुळे. घराच्या बागेत फावल्या वेळचा छंद म्हणून सुरू झालेल्या या कामातून १९६० साली 'हमिंगबर्ड्स' हा ग्रंथ सिद्ध झाला. छायाचित्र हे मोजमापाचे साधन मानून त्यांनी या पक्ष्यांचे उड्डाण आणि रंग यांचा अभ्यास केला. पक्षिशास्त्राची कोणतीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

बालपण आणि शिक्षण

ग्रीनवॉल्ट यांचे बालपण फिलाडेल्फिया शहरात गेले. वडील फ्रँक ग्रीनवॉल्ट हे वैद्यकीय व्यवसायात होते. आई मेरी हॅलॉक-ग्रीनवॉल्ट (१८७१–१९५०) यांचा जन्म तेव्हाच्या ऑटोमन साम्राज्यातील बैरूत परिसरात झाला होता. त्या नामांकित पियानोवादक तर होत्याच, शिवाय संशोधकही होत्या. संगीताच्या सुरांबरोबर प्रकाशाची तीव्रता आणि रंग बदलत नेणारे एक यंत्र त्यांनी तयार केले व त्यास आपल्या आईच्या नावावरून 'साराबेट' असे नाव दिले. या यंत्राच्या अनुषंगाने त्यांनी अनेक पेटंटे मिळवली. आपल्या पेटंटाच्या उल्लंघनाबद्दल जनरल इलेक्ट्रिक या कंपनीविरुद्ध त्या न्यायालयात गेल्या आणि १९३४ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. संगीत, प्रकाश आणि यंत्ररचना या तिन्ही गोष्टी ग्रीनवॉल्ट यांच्या घरात अशा रीतीने लहानपणापासूनच होत्या.

शालेय शिक्षण फिलाडेल्फियातील विल्यम पेन चार्टर शाळेत पूर्ण केल्यावर त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्रवेश घेतला. १९२२ साली ते रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले.

ड्युपॉन्टमधील कारकीर्द

पदवी मिळताच १९२२ मध्ये ते ड्युपॉन्ट कंपनीत रसायनतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. १९२६ साली त्यांचा विवाह मार्गारेटा ड्युपॉन्ट यांच्याशी झाला. मार्गारेटा या कंपनीचे माजी अध्यक्ष इरेने ड्युपॉन्ट यांच्या कन्या होत. या दांपत्यास तीन अपत्ये झाली. त्यांपैकी क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट (धाकटे) हे पुढे पुरातत्त्वज्ञ झाले आणि तुर्कस्तानातील सार्डिस येथील उत्खननाचे त्यांनी दीर्घकाळ संचालन केले.

१९३० च्या दशकात ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत नायलॉनचा शोध लागला. प्रयोगशाळेत काही ग्रॅम तयार होणारा पदार्थ कारखान्यात टनांनी तयार करणे ही निराळीच समस्या असते. ती सोडवणाऱ्या तंत्रज्ञांमध्ये ग्रीनवॉल्ट यांचा वाटा मोठा होता. १९३९ च्या अखेरीस डेलावेअरमधील सीफर्ड येथे नायलॉनचे उत्पादन सुरू झाले.

प्लुटोनियम प्रकल्प

१९४२ च्या अखेरीस शिकागो विद्यापीठातील अणुसंशोधनाचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या समितीत ग्रीनवॉल्ट होते. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या मार्गदर्शनाखाली जगातील पहिली नियंत्रित अणुशृंखला अभिक्रिया घडवून आणण्यात आली, त्या वेळी समितीच्या सदस्यांपैकी केवळ ग्रीनवॉल्ट यांनाच ते दृश्य पाहण्यासाठी नेण्यात आले होते. पुढे शिकागोतील भौतिकशास्त्रज्ञ आणि ड्युपॉन्टचे अभियंते यांच्यामधील दुवा म्हणून त्यांनी काम केले. शास्त्रज्ञांची समीकरणे अभियंत्यांना समजावून देणे आणि अभियंत्यांच्या शंका शास्त्रज्ञांपुढे मांडणे असे हे दुहेरी काम होते.

वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे उभारलेली पहिली मोठी अणुभट्टी सप्टेंबर १९४४ मध्ये सुरू झाली आणि थोड्याच वेळात आपोआप मंदावून बंद पडली. भट्टीत निर्माण होणारा झेनॉन-१३५ हा वायू न्यूट्रॉन शोषून घेत होता. मूळ आराखड्याप्रमाणे इंधनासाठी १५०० नळ्या पुरेशा होत्या. परंतु ड्युपॉन्टच्या अभियंत्यांनी खबरदारी म्हणून २००४ नळ्यांची सोय ठेवली होती. या जादा नळ्यांत इंधन भरून भट्टी पूर्ण क्षमतेने चालवता आली. हॅनफर्ड येथे तयार झालेले प्लुटोनियम ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमध्ये वापरले गेले. या काळातील ग्रीनवॉल्ट यांची दैनंदिनी डेलावेअरमधील हॅगली संग्रहालयात जतन केलेली असून अणुप्रकल्पाच्या इतिहासाचे ते एक महत्त्वाचे साधन मानले जाते.

१९४८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते ड्युपॉन्टचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत साउथ कॅरोलिना राज्यात सव्हाना नदीकाठी अण्वस्त्रांसाठी लागणारे पदार्थ तयार करणारा विशाल प्रकल्प कंपनीने उभारला. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली सरकारने भरलेल्या मोठ्या खटल्यांनाही कंपनीला याच काळात तोंड द्यावे लागले. १९६२ ते १९६७ या काळात ते संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. मोठ्या संस्थेत व्यक्तीचे स्थान काय असावे, या विषयावरील त्यांच्या व्याख्यानांचे 'द अनकॉमन मॅन' हे पुस्तक १९५९ साली प्रकाशित झाले.

हमिंगबर्डच्या छायाचित्रणाची पार्श्वभूमी

हमिंगबर्ड हे केवळ उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत आढळणारे पक्षी आहेत. त्यांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती ज्ञात आहेत. महाराष्ट्रातील बागांत जास्वंदीवर वा केळफुलावर दिसणाऱ्या चकचकीत शिंजीर पक्ष्यास अनेकदा चुकून हमिंगबर्ड म्हटले जाते. वास्तविक हे दोन अगदी भिन्न कुलांतील पक्षी होत. शिंजीर क्वचित हवेत थबकून मधुरस घेतो, पण बहुधा फांदीवर बसूनच चोच फुलात घालतो. हमिंगबर्ड मात्र हवेत एका जागी स्थिर राहू शकतो आणि मागेही उडू शकतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी हमिंगबर्डवर अनेक खंडांचा सचित्र ग्रंथ काढला. पिसांची झळाळी कागदावर उतरवण्यासाठी त्यात सोन्याच्या वर्खाचा वापर केला होता. ही चित्रे मुख्यतः संग्रहालयातील मृत नमुन्यांवरून काढलेली होती. गूल्ड यांना जिवंत हमिंगबर्ड प्रथम दिसला तो १८५७ साली अमेरिकेच्या दौऱ्यात. तोवर त्यांच्या ग्रंथाचे बरेचसे काम होऊन गेले होते. कॅमेऱ्याच्या शोधानंतरही ही अडचण दूर झाली नाही, कारण जिवंत पक्ष्याचे पंख चित्रात केवळ धूसर पट्ट्यांसारखे उमटत. १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी अत्यल्प काळ चमकणारा विजेचा दिवा विकसित केला आणि त्याच्या साहाय्याने हमिंगबर्डचे पंख स्थिर दिसतील अशी छायाचित्रे घेतली. ग्रीनवॉल्ट यांचे काम या पायावर उभे राहिले.

घरच्या बागेतील प्रयोग

ग्रीनवॉल्ट यांचे निवासस्थान विल्मिंग्टनजवळील ग्रीनव्हिल येथे होते. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी आपल्या बागेत येणाऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला आणि लवकरच त्यांचे लक्ष हमिंगबर्डवर स्थिरावले. अमेरिकेच्या पूर्व भागात वीण करणारी हमिंगबर्डची एकच जात आहे : माणिककंठी हमिंगबर्ड. तिचे वजन जेमतेम ३ ते ४ ग्रॅम असते. वसंत ऋतूत हे पक्षी दक्षिणेकडून येतात आणि शरद ऋतूत परत जातात. वर्षातील काही महिनेच हाती असल्यामुळे बागेतील छायाचित्रकाराला त्याआधी सर्व तयारी पूर्ण करून ठेवावी लागते.

या छायाचित्रणात पक्ष्याचा स्वभाव छायाचित्रकाराच्या मदतीला येतो. हमिंगबर्ड आपल्या खाद्यक्षेत्राचे हिरिरीने रक्षण करतो आणि ठरावीक फुलांवर वारंवार परततो. साखरेचे पाणी भरलेली नळी बागेत टांगली की तो तिचीही सवय करून घेतो. त्यामुळे पक्ष्याच्या मागे धावण्याची गरज उरत नाही. तो जेथे येणार ती जागा आधी ठरवून, कॅमेरा तेथे रोखून आणि दिव्यांची मांडणी करून वाट पाहता येते.

खरी अडचण वेळेची असते. माणिककंठी हमिंगबर्ड सेकंदाला सुमारे पन्नास वेळा पंख हलवतो. त्याच्या पंखाचे टोक सेकंदाला दहा मीटर किंवा त्याहून अधिक अंतर कापते. एक हजारांश सेकंदाच्या प्रकाशातही ते टोक सुमारे एक सेंटिमीटर सरकते आणि चित्र बिघडते. प्रकाशाचा अवधी एक तीस-हजारांश सेकंद इतका कमी केला, तर ते टोक जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर सरकते आणि पिसाची कड स्पष्ट उमटते. कॅमेऱ्याचा पडदा इतक्या जलद उघडमीट करू शकत नाही. म्हणून चित्र केव्हा आणि किती काळ उमटावे हे पडद्याऐवजी दिव्याने ठरवावे लागते. कपॅसिटरमध्ये साठवलेली उच्च दाबाची वीज वायू भरलेल्या नळीतून एकदम सोडली की असा क्षणिक लखलखाट होतो.

त्यातून आणखी प्रश्न निर्माण होत. चमक जितकी अल्पकालीन तितका प्रकाश कमी, आणि त्या काळच्या रंगीत फिल्मला तर भरपूर प्रकाश लागे. त्यामुळे दिवे पक्ष्याच्या अगदी जवळ ठेवावे लागत. दिवसाचा उजेड अधिक असल्यास दिव्याने घेतलेल्या स्पष्ट चित्रावर उन्हाने घेतलेले दुसरे धूसर चित्र उमटे. म्हणून जागा सावलीची निवडावी लागे. दूरची पार्श्वभूमी अंधारी राहून चित्र रात्रीचे वाटू नये म्हणून मागे फिक्या रंगाचा फलक ठेवण्याची पद्धत होती. अशा प्रत्येक अडचणीचा हिशेब मांडून यंत्ररचना बदलत जाण्याची सवय ग्रीनवॉल्ट यांना कारखान्यातील कामामुळे होतीच. तीच सवय त्यांनी बागेत आणली.

वेग आणि पंखांचा अभ्यास

पंखांचे स्थिर चित्र मिळाल्यावर ग्रीनवॉल्ट तेथेच थांबले नाहीत. पंख नेमका कोणत्या कोनात वळतो आणि एका फेऱ्यात तो कोणता मार्ग आक्रमितो, हे जाणण्यासाठी त्यांनी अतिशीघ्र चलच्चित्रणाचा आधार घेतला. हवेत स्थिर असताना हमिंगबर्डचा पंख खांद्यापासून वळतो आणि पुढे-मागे जवळजवळ आडव्या पातळीत आडव्या पडलेल्या आठच्या आकड्यासारखा फिरतो. त्यामुळे परतीच्या फटक्यातही पक्ष्यास आधार मिळतो. इतर बहुतेक पक्ष्यांना हे साधत नाही.

उड्डाणाचा वेग मोजण्यासाठी त्यांनी वातविवर, म्हणजे ठरावीक वेगाने हवेचा झोत सोडणारा बोगदा, वापरला. त्यात साखरेच्या पाण्याची नळी ठेवून पक्ष्यास झोताविरुद्ध उडत तेथवर येण्याची सवय लावली आणि मग झोताचा वेग वाढवत नेला. माणिककंठी मादी ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाच्या झोतापर्यंत नळीजवळ टिकून राहू शकली. त्याआधी या पक्ष्याच्या वेगासंबंधी अनेक अतिरंजित अंदाज प्रचलित होते.

या निरीक्षणांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. वेग बदलला तरी पंखांच्या हालचालीची वारंवारता फारशी बदलत नाही. पक्षी शरीराचा व पंखांचा कोन बदलून वेग साधतो. घड्याळाच्या लंबकाची वारंवारता जशी त्याच्या लांबीवर ठरते, तशी पंखांची वारंवारता त्यांच्या आकारमानाशी बांधलेली असते. दक्षिण अमेरिकेतील महाकाय हमिंगबर्ड सेकंदाला दहा ते पंधरा वेळा पंख हलवतो, तर अगदी लहान जातींमध्ये हा आकडा ऐंशीच्या आसपास जातो. कीटक व पक्षी यांच्या पंखांकडे यांत्रिक दोलक म्हणून पाहणारा त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. १९६२ मध्ये उडणाऱ्या प्राण्यांचे वजन, पंखांची लांबी आणि क्षेत्रफळ यांची मोठी कोष्टके त्यांनी स्मिथसोनियन संस्थेतर्फे प्रकाशित केली. उड्डाणाच्या अभ्यासकांनी या कोष्टकांचा पुढे अनेक वर्षे उपयोग केला.

पिसांच्या रंगाचे रहस्य

नर माणिककंठी हमिंगबर्डचा गळा एका कोनातून लालभडक दिसतो आणि पक्ष्याने मान किंचित वळवताच काळा पडतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही मोठी पंचाईत होती, कारण दिवा, पक्षी आणि कॅमेरा योग्य कोनात नसतील तर उत्तम छायाचित्रातही गळा काळाच येतो. ग्रीनवॉल्ट यांनी या अडचणीचे संशोधनाच्या प्रश्नात रूपांतर केले. ड्युपॉन्टमधील वर्नर ब्रांट आणि डॅनियल फ्रील यांच्या सहकार्याने त्यांनी पिसांची प्रकाशशास्त्रीय तपासणी केली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पिसांची अंतर्रचना पाहिली.

पिसाच्या सूक्ष्म तंतूंत लंबगोल चकत्यांचे थर एकावर एक रचलेले असतात आणि या चकत्यांमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, असे त्यांना आढळले. निरनिराळ्या थरांवरून परावर्तित झालेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. त्यात काही रंग बळावतात, तर काही लोप पावतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तेही याच तत्त्वाने. चकत्यांची जाडी आणि त्यांतील हवेचे प्रमाण यांवर रंग ठरतो. माणिकासारख्या दिसणाऱ्या त्या गळ्यात लाल रंगद्रव्य नसतेच. हे संशोधन १९६० मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्राण्यांमधील रचनाजन्य रंगांच्या अभ्यासात आजही त्याचा उल्लेख केला जातो.

प्रवास आणि 'हमिंगबर्ड्स' ग्रंथ

घरच्या बागेत एकच जात येत असल्याने इतर जातींसाठी दूरचा प्रवास अपरिहार्य होता. कंपनीच्या कामातून सवड काढून ग्रीनवॉल्ट यांनी आपली जड सामग्री लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत नेली. ब्राझीलमधील एस्पिरितो सांतो राज्यातील सांता तेरेझा येथे त्यांची गाठ निसर्गशास्त्रज्ञ ऑगस्तो रुस्की (१९१५–१९८६) यांच्याशी पडली. रुस्की यांनी आपल्या गावी १९४९ साली निसर्गविज्ञान संग्रहालय स्थापन केले होते आणि त्याच्या बागेत असंख्य हमिंगबर्ड येत. स्थानिक पक्ष्यांच्या सवयी त्यांना पाठ होत्या. या सहकार्याने मिळालेली छायाचित्रे नॅशनल जिओग्राफिक मासिकाच्या जानेवारी १९६३ च्या अंकात आली. पेरूमधील अद्भुतपुच्छ हमिंगबर्ड या अत्यंत दुर्मीळ पक्ष्याविषयीचा त्यांचा लेख याच मासिकात जुलै १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. या पक्ष्याच्या नराला शेपटीची केवळ चार पिसे असून त्यांपैकी दोन लांब पिसांच्या टोकांशी पळीसारखे निळसर चपटे भाग असतात.

'हमिंगबर्ड्स' हा ग्रंथ १९६० मध्ये अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेसाठी प्रकाशित झाला. मोठ्या आकारातील रंगीत छायाचित्रे हे त्याचे प्रमुख आकर्षण असले तरी उड्डाण, रंग आणि छायाचित्रणाची पद्धत यांवरील प्रकरणांनी त्यास शास्त्रीय मोल प्राप्त करून दिले. आपली यंत्रसामग्री आणि रीत उघडपणे मांडल्यामुळे इतरांना ते प्रयोग पडताळून पाहता आले. १९९० साली या ग्रंथाचे पुनर्मुद्रण झाले.

पक्ष्यांच्या गाण्याचा अभ्यास

१९६० च्या दशकात ग्रीनवॉल्ट पक्ष्यांच्या आवाजाकडे वळले. ध्वनिमुद्रित गाण्यांचे विश्लेषण करून त्यांनी 'बर्ड साँग : अकूस्टिक्स अँड फिजिऑलॉजी' हा ग्रंथ १९६८ मध्ये लिहिला. पक्ष्याच्या ध्वनियंत्राचे दोन भाग एकमेकांपासून स्वतंत्रपणे आवाज काढू शकतात, म्हणून काही पक्षी एकाच वेळी दोन निरनिराळे सूर गातात, असे प्रतिपादन त्यांनी पुराव्यांसह केले. हा विचार पुढील संशोधनाने उचलून धरला. चोच आणि घसा यांचा आवाजावर विशेष परिणाम होत नाही, हे त्यांचे दुसरे मत मात्र टिकले नाही. १९८७ मध्ये स्टीफन नोविकी यांनी पक्ष्यांना हेलियममिश्रित हवेत गाऊ दिले आणि श्वसनमार्गाची पोकळीही आवाजाला आकार देते, हे दाखवून दिले.

मूल्यमापन

ग्रीनवॉल्ट यांच्या निष्कर्षांना त्यांच्या साधनांच्या मर्यादा आहेत. वातविवरात मोजलेला वेग हा सरळ, संथ उड्डाणाचा असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅनाज हमिंगबर्डचा नर मादीपुढे सूर मारताना सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी ९५ किलोमीटरहून अधिक वेग गाठतो, असे आढळले. तसेच हवेत स्थिर असताना सुमारे तीन चतुर्थांश आधार पुढच्या फटक्यातून आणि एक चतुर्थांश परतीच्या फटक्यातून मिळतो, हे २००५ मधील प्रयोगांनी स्पष्ट केले. तोवर दोन्ही फटके सारखेच समर्थ मानले जात. असे असले तरी हे प्रश्न मोजता येण्याजोग्या स्वरूपात मांडण्यात ग्रीनवॉल्ट यांचा वाटा निर्विवाद आहे.

त्यांच्या चरित्राची दुसरी बाजूही दृष्टीआड करता येत नाही. हॅनफर्ड आणि सव्हाना येथील प्रकल्पांनी अण्वस्त्रांची सामग्री पुरवली आणि तेथील किरणोत्सर्गी कचऱ्याच्या निर्मूलनाचे काम एकविसाव्या शतकातही चालू आहे. नागासाकीच्या संहाराशी जोडला गेलेला हा अभियंता तीन ग्रॅम वजनाच्या पक्ष्याच्या पंखाचा कोन मोजण्यात वर्षानुवर्षे रमला. काटेकोर मोजमाप, अडचणीचे मूळ शोधण्याची चिकाटी आणि पूर्वतयारीवरचा भर हे गुण दोन्ही कामांत सारखेच दिसतात. त्यांतून निघालेली फळे मात्र परस्परांपासून अत्यंत दूरची आहेत. त्यांच्या कार्याचा विचार करताना विद्यार्थ्यांनी या दोन्ही बाजू समोर ठेवणे उचित ठरते.

अखेरचा काळ

निवृत्तीनंतरही ग्रीनवॉल्ट यांचा अभ्यास चालू राहिला. पक्ष्यांच्या उड्डाणावरील त्यांचा विस्तृत प्रबंध अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीने १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचे ते विश्वस्त होते. सप्टेंबर १९९३ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, विल्मिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

आज शीघ्र प्रकाशदिवे आणि अंकीय कॅमेरे सहज उपलब्ध आहेत. अमेरिकेतील असंख्य हौशी छायाचित्रकार घराच्या बागेत साखरेच्या पाण्याची नळी टांगून, तिच्याभोवती तीन-चार दिवे मांडून हमिंगबर्डची छायाचित्रे घेतात. जागा आधी निश्चित करणे, पंखांची गती दिव्याच्या चमकेने थांबवणे, पार्श्वभूमीस फलक लावणे आणि गळ्याच्या रंगासाठी कोन साधणे, ही जी रीत ते अनुसरतात, ती प्रस्थापित होण्यात ग्रीनवॉल्ट यांच्या ग्रंथाचा मोठा हातभार लागला आहे.